आवाज धरून ठेवणारं डबडं

गेल्या महिन्याभरात घरातल्या दोघांनी आणि एका ब्लॉगर मित्राने मला एकच प्रश्न विचारला. घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला भरवशाचा ऑडिओ इंटरफेस कोणता घ्यावा? एखादं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण मी ‘भरवशाचा’ या शब्दापाशीच अडलो. भरवसा नेमका कशाचा? या डबड्यांचा इतिहास चाळला तर त्या शब्दाचा अर्थ दर दहा-पंधरा वर्षांनी बदललेला दिसतो.

आधी हा प्रकार काय असतो ते सांगतो. (काकू, हे खास तुमच्यासाठी!) मायक्रोफोनमधून येणारी वीज अगदी क्षीण असते, काही मिलिव्होल्टची. इंटरफेस ती आधी मोठी करतो आणि मग सेकंदाला निदान ४४,१०० वेळा मोजून ते आकडे संगणकाला देतो. कंडेन्सर माइक असेल तर त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीजही हेच डबडं पुरवतं. बस्स, काम एवढंच.

संगणकाआधी ही गरजच नव्हती. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली आणि पुढे आपल्याकडे घरोघरी टेपरेकॉर्डर आले. बारशाची, मुंजीची, आजोबांच्या भजनाची कॅसेट बहुतेक घरांत निघेल. पण त्यात एकावर एक आवाज चढवता येत नसत. १९७९ साली जपानच्या टिॲक कंपनीने टॅस्कॅम १४४ हा ‘पोर्टास्टुडिओ’ काढला. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक, आणि आवाज बरा यावा म्हणून टेप दुप्पट वेगाने पळायची. १९८२ च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या आपल्या घरी बसून याच यंत्रावर गाणी रेकॉर्ड केली. बॅंडला शिकवण्यापुरता कच्चा खर्डा म्हणून. नंतर बॅंडसोबत स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, पण त्यात ती मजा येईना. शेवटी त्या खिशात घेऊन फिरलेल्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ हा अल्बम निघाला. त्या काळी यंत्र भरवशाचं म्हणजे काय? मोटर नीट फिरली पाहिजे, हेड स्वच्छ पाहिजे, बेल्ट तुटला तर कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे तो मिळाला पाहिजे.

१९८९ साली दोन गोष्टी घडल्या. सिंगापूरच्या क्रिएटिव्हने साउंड ब्लास्टर कार्ड आणलं, ते मुख्यतः खेळांसाठी. आणि अमेरिकेत डिजिडिझाइनने मॅकसाठी साउंड टूल्स आणलं, ते स्टुडिओवाल्यांसाठी आणि अर्थातच महागडं. साध्या पीसीवर रेकॉर्ड करू पाहणाऱ्यांची खरी अडचण वेगळीच होती. गाणाऱ्याचा आवाज संगणकात जाऊन हेडफोनमध्ये परत यायला उशीर लागायचा. तानपुरा एकीकडे, आपला स्वर मागाहून. असं कोण गाणार? १९९७ साली हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गने असिओ ही पद्धत काढली, विंडोजच्या मधल्या पायऱ्या टाळून थेट कार्डाशी बोलणारी. उशीर काही मिलिसेकंदांवर आला. आणि त्याच वेळी भरवशाचा अर्थही बदलला. आता यंत्रापेक्षा त्याचा ड्रायव्हर महत्त्वाचा झाला.

इथून पुढची गोष्ट जरा करुण आहे. २००० नंतर फायरवायरची डबडी जोरात होती. तेव्हाच्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट आणि फायरवायरचा ४००, त्यामुळे आठ-आठ माइक एकदम लावायचे तर फायरवायरच हवं, असं सगळे म्हणत. ते खरंही होतं. पण २००८ च्या ॲल्युमिनियमच्या मॅकबुकवरून ते भोक गायब झालं आणि २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोवरही ते नव्हतं. इकडे विंडोज ६४-बिटवर गेलं तेव्हा ३२-बिटचे जुने ड्रायव्हर चालेनासे झाले. ज्या कंपन्यांनी नवे लिहिले नाहीत त्यांची यंत्रं निरुपयोगी ठरली. आतला एकही भाग बिघडलेला नाही, आवाज पूर्वीसारखाच स्वच्छ, पण बोलायला कुणी उरलं नाही. माझ्या एका मित्राच्या कपाटात असं एक धडधाकट डबडं आजही आहे.

म्हणून खरेदी करताना मी आता पहिला प्रश्न विचारतो तो हा: हे डबडं कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय चालतं का? यूएसबीवरून आवाज कसा न्यायचा याचं एक सामायिक मानक आहे. ते पाळणाऱ्या यंत्राला ‘क्लास कंप्लायंट’ म्हणतात. मॅक आणि लिनक्स त्यांना थेट ओळखतात. या मानकाची दुसरी आवृत्ती विंडोज १० मध्ये २०१७ साली आली. कंपनी उद्या बुडाली तरी असं यंत्र मुकं होत नाही. २०११ साली आलेल्या फोकसराइट स्कारलेट २आय२ सारख्या लहान, यूएसबीवरच चालणाऱ्या डबड्यांनी घरगुती रेकॉर्डिंग स्वस्त केलं. आता त्या पठडीतली डझनभर यंत्रं मिळतात. आवाजाच्या दर्जात त्यांच्यात डावं-उजवं करणं घरच्या खोलीत तरी कठीण आहे. पंख्याचा आणि शेजारच्या मिक्सरचा आवाज त्याहून मोठा असतो!

या प्रश्नाचं मला एवढं का पडलंय तेही सांगतो. आमच्या आत्याला जात्यावरच्या ओव्या येतात. तिच्या आईकडून आलेल्या, वहीत कुठेही न लिहिलेल्या. तिने ऐंशी ओलांडली आहे. ती सांगून गात नाही, लहर लागली की गाते. तिसऱ्या ओवीला संगणक अडकला तर ती म्हणणार, “जाऊ दे रे, मग बघू.” आणि त्या ‘मग’वर विसंबायचं आता वय राहिलेलं नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कित्येक बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून त्या ‘परी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. ज्यांच्यावर त्या काळचे जाणकार विसंबायचे ती डॅट यंत्रं बनवणं सोनीने २००५ साली थांबवलं. म्हणजे यंत्र जाणारच, हे धरूनच चालायचं. आवाज मात्र त्याआधी साध्या, सगळीकडे उघडणाऱ्या फाइलमध्ये उतरला पाहिजे आणि तीन ठिकाणी ठेवला पाहिजे. १९९१ पासूनची वेव्ह फाइल आजही कुठल्याही संगणकावर वाजते.

तेव्हा मंडळी, माझं उत्तर असं. दोन माइकची सोय, क्लास कंप्लायंट, लॅपटॉपच्याच विजेवर चालणारं (वीज गेली तरी ओवी थांबायला नको), आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशीर न होता थेट ऐकवण्याची सोय असलेलं. त्यात जे बजेटमध्ये बसेल ते घ्या. आणि तुलना करत वर्ष घालवू नका. मी येत्या रविवारी आत्याकडे जातोय. कुणाला यायचं असेल तर कळवा, फक्त मोबाइल बंद ठेवायचे.

चू. भू. द्या. घ्या.