जुन्नरच्या डोंगरावर 94 बळी: 1962 मध्ये मुंबईला येणारं विमान घाटातच का उतरू लागलं?

मुंबई विमानतळ खारबावपासून सरळ रेषेत साधारण 25 किलोमीटर. खाडीकाठच्या या सपाट पट्ट्यावरून विमान चार हजार फुटांवर आलं तरी त्याला आडवं येणारं काही नाही. पण हीच उंची थोडं आधी, घाटावर असतानाच गाठली तर? 7 जुलै 1962 ला नेमकं तेच झालं.

अलिटालिया या इटालियन कंपनीचं फ्लाइट 771 सिडनीहून निघालं होतं. डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे थांबे घेत ते मुंबईला येत होतं. पुढे कराची, तेहरानमार्गे रोमला जायचं होतं. विमान डीसी-8 जातीचं, चार जेट इंजिनांचं. आत 85 प्रवासी आणि 9 कर्मचारी.

मध्यरात्र नुकतीच उलटली होती. दिवस पावसाळ्याचे. मुंबई जवळ आली असं समजून वैमानिकाने विमान खाली घ्यायला सुरुवात केली. प्रत्यक्षात मुंबई अजून सुमारे 84 किलोमीटर लांब होती आणि खाली सह्याद्री होता. जुन्नर तालुक्यातल्या दावंड्याच्या डोंगरावर, साधारण 3600 फूट उंचीवर विमान आदळलं. कोणीच वाचलं नाही.

यंत्र बिघडल्याचा हा प्रकार नव्हता. चौकशीत दोष निघाला तो आपण कुठे आहोत हे ठरवण्यातल्या चुकीचा. आपण पोचलोच, अशी वैमानिकाची समजूत झाली. नेमकी जागा तपासायला मार्गदर्शक साधनं होती, ती वापरली गेली नाहीत. त्या भागासाठी ठरलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली विमान आणलं गेलं. वैमानिकाला या मार्गावरचे डोंगर फारसे माहीत नव्हते, हेही एक कारण नोंदवलं गेलं. घाटाचा कडा किती अचानक उठतो हे माळशेज चढलेल्याला सांगावं लागत नाही, पण अंधारात ढगांतून येणाऱ्या परक्या माणसाला ते कळणार कसं?

डोंगर जवळ येताच मोठ्याने बोलून वैमानिकाला सावध करणारी यंत्रणा विमानांत आली ती 1970 च्या दशकात.

त्याआधी 12 जुलै 1949 ला, तोही पावसाळाच, केएलएम कंपनीचं विमान मुंबईत उतरताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं होतं. त्यात 45 जण गेले. मृतांमध्ये 13 अमेरिकन पत्रकार होते.