कँडलिंग : उबवणीतील अंड्यांची प्रकाश-तपासणी

उबवणीस ठेवलेल्या अंड्याच्या कवचातून प्रकाशझोत सोडून आतला गर्भ जिवंत आहे का आणि त्याची वाढ किती झाली आहे, हे अंडे न फोडता पाहण्याची पद्धत. वीज येण्यापूर्वी मेणबत्ती किंवा कंदील वापरत. पुढे भोक पाडलेल्या लाकडी वा पत्र्याच्या पेटीत 40 ते 60 वॅटचा बल्ब बसवू लागले, आता बहुतेक ठिकाणी एलईडी असते. झोत अरुंद हवा आणि त्याची धग अंड्याला लागता कामा नये, एवढ्या दोनच अटी दिव्याला आहेत.

पद्धत : कोंबडीचे अंडे 21 दिवसांत उबते. उबवणी यंत्रात तापमान सुमारे 37.5° से. राखतात आणि पहिले 18 दिवस अंडी ठरावीक वेळाने फिरवतात. पहिली तपासणी साधारणपणे सातव्या दिवशी करतात. दुसरी 18व्या दिवशी, अंडी सेटरमधून (उबवणीच्या यंत्रातून) हॅचरमध्ये (पिल्ले बाहेर येण्याच्या यंत्रात) हलवताना होते. काही ठिकाणी 14व्या दिवशीही एक फेरी घेतात. खोली अंधारी करून अंड्याचे रुंद टोक दिव्यावर टेकवतात, कारण हवेची पोकळी त्या बाजूला असते. मग अंडे हलक्या हाताने फिरवून पाहतात. पांढऱ्या कवचाच्या अंड्यात चौथ्या-पाचव्या दिवशीही बरेच दिसते, तपकिरी कवचाला मात्र सातवा दिवस उजाडावा लागतो.

सातव्या दिवशी जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या तांबड्या रक्तवाहिन्या दिसतात. त्यांच्या मध्यावरचा गडद ठिपका म्हणजे गर्भाचा डोळा. क्षणभर थांबले तर गर्भ हललेलाही दिसतो. अफलित अंडे स्वच्छ असते, त्यात पिवळ्या बलकाची फिकट सावली तेवढी तरंगते. सुरुवातीच्या दिवसांत गर्भ मेला असेल तर रक्त वाहिन्यांतून ओसरून कडेला जमते आणि लाल कडे दिसते. 18व्या दिवशी हवेची पोकळी सोडून सारे अंडे काळे दिसते. त्या पोकळीची कड ठळक नसेल आणि आतला द्रव हिंदकळत असेल, तर गर्भ मेलेला समजावा.

हवेची पोकळी हा स्वतंत्र पुरावा आहे. कवचाच्या छिद्रांतून पाण्याची वाफ जाते आणि 18व्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे 12 टक्क्यांनी घटते. पोकळी लहान राहिली तर यंत्रात दमटपणा जास्त आहे आणि फार मोठी झाली तर कमी आहे, असे समजतात. तिची कड शिसपेन्सिलीने कवचावर आखून ठेवण्याची रीत चांगली आहे.

निदान : निकामी अंडी वेगळी काढणे हा तपासणीचा दृश्य उपयोग. कुजलेले अंडे यंत्रात फुटले तर शेजारची अंडीही दूषित होतात, म्हणून तोही महत्त्वाचाच. पण खरा लाभ कारण शोधण्यात आहे. स्वच्छ अंडी फार निघाली तर कळपात कोंबडे कमी किंवा वयस्क असतील, नाहीतर अंडी आठवड्यापेक्षा जास्त साठवलेली असतील. रक्ताची कडी फार दिसली तर तापमानातील चढउतार, हाताळणीतील धसमुसळेपणा आणि जंतुसंसर्ग या दिशांनी पाहावे. स्वच्छ दिसणारे अंडे मुळात अफलित की पहिल्या एक-दोन दिवसांत मेलेले, हे उजेडात कळत नाही. त्यासाठी ते फोडून बलकावरची बीजचकती पाहावी लागते. एकूण अंड्यांतून निघालेली पिल्ले आणि फलित अंड्यांतून निघालेली पिल्ले ही दोन प्रमाणे वेगळी मांडावीत, नाहीतर दोष कळपाचा की यंत्राचा हे कधीच उलगडत नाही. आकडे न नोंदवता केलेली तपासणी अर्धीच होय. किती वेळा तपासावे, याबद्दल एकमत नाही. मोठ्या हॅचऱ्यांत हजारो अंडी प्रत्येक वेळी हाताळणे परवडत नाही, म्हणून अनेकजण निवडक ट्रेच तपासतात.

शिक्षण : अंडी उबवणीचा विषय पशुवैद्यक महाविद्यालयांत शिकवतात. त्यांपैकी मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय परळला आचार्य दोंदे मार्गावर आहे. ते 1886 साली बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. पशुवैद्यक पदवीच्या अभ्यासक्रमात अंडी उबवणी आणि हॅचरी व्यवस्थापनाचा भाग आहे, तसेच गर्भयुक्त अंड्यात विषाणू वाढवण्याचे प्रात्यक्षिकही.

विषाणुशास्त्रातील उपयोग : अमेरिकेतील नॅशव्हिल येथे ॲलिस वुडरफ आणि अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी 1931 मध्ये कोंबडीच्या गर्भपटलावर देवीवर्गातील विषाणू वाढवला आणि अंडे ही प्रयोगशाळेची वस्तू झाली. विषाणू टोचण्यापूर्वी 9 ते 11 दिवसांच्या अंड्याची प्रकाश-तपासणी अनिवार्य असते. जिवंत गर्भ निवडायचा, हवेच्या पोकळीची सीमा आखायची आणि मोठी रक्तवाहिनी टाळून टोचणीची जागा ठरवायची. टोचल्यानंतर रोज तपासतात. पहिल्या 24 तासांत मेलेला गर्भ सुईच्या जखमेने मेला असे धरून टाकून देतात. त्यानंतरचा मृत्यू विषाणूचे लक्षण मानून त्या अंड्यातील द्रव पुढच्या चाचण्यांसाठी घेतात.

कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या लसी अशाच अंड्यांत तयार होतात. महाराष्ट्रात पुण्यातील औंध येथील शासकीय पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था त्या बनवते. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू उघडकीस आला. त्या रोगाच्या विषाणूचे विलगीकरण करण्याची प्रमाणित रीतही गर्भयुक्त अंड्याचीच आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2010 मध्ये आणलेली स्वाइन फ्लूची नाकातून द्यायची लस अंड्यांतच वाढवली होती.

लिंगनिदान : साध्या दिव्याने नर-मादी ओळखता येत नाही.

घरगुती वापर : खुडूक कोंबडीखाली बसवलेल्या अंड्यांना मोबाइलची टॉर्च आणि मधोमध भोक पाडलेला पुठ्ठा पुरतो. अंधार पडल्यावर, हात धुऊन, सातव्या दिवशी एकदा तपासावे आणि अंडी दहा-पंधरा मिनिटांच्या आत परत ठेवावीत. वास येणारे अंडे लगेच काढावे. शंका असलेले अंडे मात्र फेकू नये. खूण करून परत बसवावे आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहावे.