आभासी यंत्रावरील विदागाराची मंदगती

एकाच प्रत्यक्ष संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक असल्याचा भास नियंत्रक आज्ञावलीच्या साहाय्याने निर्माण करता येतो. अशा प्रत्येक भासमान संगणकास आभासी यंत्र म्हणतात. त्यावर विदागार म्हणजे डेटाबेस चालविला असता पुष्कळदा त्याची गती मंदावते. या मंदगतीचे कारण यंत्राच्या आतून पाहणाऱ्यास सहसा दिसत नाही. त्याचा शोध आभासी यंत्रांच्या आरंभकाळापासून चालू आहे.

आय.बी.एम. कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील शास्त्रीय केंद्रात सीपी-४० ही प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये वापरात आली. पुढे सीपी-६७ व १९७२ मध्ये व्हीएम/३७० या प्रणाली आल्या. स्मृती अपुरी पडल्यास तिची पृष्ठे चुंबकीय तबकडीवर हलवावयाची व लागतील तेव्हा परत आणावयाची, ही त्यांतील रीत होय. ही ने-आण अनावर झाली, तर उपयुक्त काम जवळजवळ थांबते. या अवस्थेची मीमांसा पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये केली. आभासी यंत्रात मात्र ही ने-आण दोन थरांवर होते. बराच काळ न वापरलेले पृष्ठ आतील परिचालन प्रणाली बाहेर काढावयास निवडते. पण त्याच कारणासाठी नियंत्रकाने ते आधीच तबकडीवर टाकलेले असते. परिणामी ते केवळ पुन्हा बाहेर टाकण्यासाठी आत आणावे लागते. रॉबर्ट गोल्डबर्ग व रॉबर्ट हॅसिंगर यांनी १९७४ मध्ये या दुहेरी पृष्ठनाचे विवेचन केले. प्रत्यक्ष स्मृती तेवढीच ठेवून आभासी यंत्राची स्मृती वाढविल्यास ने-आण कमी न होता वाढू शकते, हा त्यांचा निष्कर्ष होता. मंदगती दिसताच स्मृती वाढवून देण्याचा उपाय आजही प्रथम सुचतो, म्हणून तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

सॅन होसे येथील प्रयोगशाळेत सिस्टिम आर हे संबंधात्मक विदागार १९७० नंतरच्या दशकात व्हीएम/३७० वर विकसित झाले. त्यात वेगळाच दोष आढळला. काही कुलुपे क्षणभरच धरावयाची, पण सर्वांना वारंवार लागणारी होती. असे कुलूप धरलेल्या प्रक्रियेकडून प्रक्रियक नेमका त्याच क्षणी काढून घेतला गेला, तर इतर सर्व प्रक्रिया तिच्यामागे रांगेत उभ्या राहत. मूळ प्रक्रियेस प्रक्रियक परत मिळाला, तरी ती पुन्हा कुलूप मागताना रांगेच्या शेवटी जाई. त्यामुळे रांग मोडतच नसे. ब्लास्गेन, ग्रे, मिटोमा व प्राइस यांनी १९७९ मध्ये या ‘काफिल्या’चे वर्णन प्रसिद्ध केले. कुलूप पहिल्या प्रतीक्षकाच्या हाती न देता मोकळे सोडावे व सर्वांना जागे करावे, हा त्यांचा उपाय होता. रांगेच्या न्यायाशी विसंगत भासणारा हा उपाय गुणकारी ठरला. पुढे २००४ मध्ये कार्ल्झ्रूए विद्यापीठातील संशोधकांनी बहुप्रक्रियकी आभासी यंत्रांतील अशाच अडचणीचा अभ्यास केला. तेथे खुद्द नियंत्रकच कुलूपधारकास थांबवीत असे.

व्हीएमवेअर कंपनी १९९८ मध्ये स्थापन झाल्यावर आभासी यंत्रे सामान्य संगणकांवरही रुळली आणि जुने दोष नव्याने भेटले. दुहेरी पृष्ठन टाळण्यासाठी कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये ‘फुगा’ पद्धती वर्णिली : आतील एक छोटी आज्ञावली स्मृती अडवून धरते, त्यामुळे कोणती पृष्ठे सोडावयाची हे आतील प्रणालीच ठरविते. निदानासाठी लिनक्समध्ये २००५ पासून ‘चोरीचा काळ’ नोंदला जाऊ लागला. काम असूनही आभासी यंत्रास प्रक्रियक न मिळालेला वेळ यातून कळतो. या नोंदीवाचून प्रश्नाची भाषा सुधारण्यात किंवा अनुक्रमणिका वाढविण्यात श्रम वाया जात.

तबकडीच्या बाबतीत साधे गणित उपयोगी पडते. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८·३ मिलिसेकंदांत होतो. व्यवहार पक्का करताना त्याची नोंद तबकडीवर उतरेपर्यंत थांबावे लागते. म्हणून एकाच तबकडीवर एकामागून एक असे सेकंदास सुमारे १२० पेक्षा अधिक व्यवहार सहसा होत नाहीत. आभासी यंत्रात अशा तबकडीवर हजारोंचा आकडा दिसला, तर मधला एखादा थर नोंद तात्पुरत्या स्मृतीत ठेवूनच ती उतरल्याचे कळवीत असतो. असा वेग मंदगतीहून घातक होय, कारण त्या स्मृतीस वीज खंडित झाल्यावर टिकण्याची सोय नसेल, तर पक्के म्हटलेले व्यवहार नाहीसे होतात.