बाकडं कुणाचं?

आजचा विषय साधा आहे, बसथांबा. मात्र त्यासाठी आपल्याला केरळात जायचं आहे.

नोकरीत असताना तिरुवनंतपुरमच्या पांगोडे छावणीत मी काही काळ होतो. तिथल्या रस्त्यांवर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. बऱ्याच थांब्यांच्या शेड सरकारने बांधलेल्या नाहीत. एखादी गावच्या वाचनालयाची, एखादी तरुणांच्या क्लबची, तर एखादी कुणा घरच्यांनी गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी बांधलेली. आपल्याकडे पाराला कट्टा बांधतात, तसाच हा प्रकार.

याची मुळं जुनी आहेत. मोटारी येण्यापूर्वी तिथे वाटेवर 'चुमडुतांगी' असायची: दोन उभे दगड, त्यांवर एक आडवा. उंची साधारण खांद्याएवढी, म्हणजे डोक्यावरचं ओझं कुणाच्या मदतीशिवाय सरकवून ठेवता येई. मुक्कामाला वळियंबलम, म्हणजे वाटेवरची धर्मशाळा. वाटसरूची सोय करणं हे पुण्याचं काम मानलं जाई.

पण वाटसरू म्हणजे नक्की कोण? त्याच भूमीत कित्येक जातींना सार्वजनिक रस्त्यावर पाऊल टाकायची मनाई होती. 1893 साली अय्यंकाळी यांनी तिरुवनंतपुरमजवळ वेंगानूरला ही बंदी मोडून भर रस्त्यातून बैलगाडी हाकली. 1924 साली वैकमला मंदिराभोवतीच्या रस्त्यांसाठी सत्याग्रह सुरू झाला, तो 20 महिने चालला. रस्ता सर्वांचा आहे, ही गोष्ट लोकांना लढून मिळवावी लागली.

आता 2022 सालचा जुलै. तिरुवनंतपुरमच्या इंजिनिअरिंग कॉलेजजवळच्या थांब्यावर एक सलग लोखंडी बाकडं होतं. एके दिवशी विद्यार्थी पाहतात, तर त्याचे तीन तुकडे, एकेकट्याने बसायचे. मुलं-मुली शेजारी बसतात हे स्थानिक रहिवाशांपैकी काहींना खटकत होतं. रहिवासी संघाचं म्हणणं, आम्ही थांब्याची दुरुस्ती केली. विद्यार्थ्यांनी ना दगड उचलला, ना काच फोडली. ते एकमेकांच्या मांडीवर बसले आणि फोटो काढला! फोटो देशभर गेला. महापौर आर्या राजेंद्रन स्वतः तिथे आल्या. मुलगा-मुलगी भेद न करणारा नवा थांबा महापालिका बांधेल, असं त्यांनी जाहीर केलं. पुढे जुनी शेड पाडण्यात आली.

मंडळी, लोकसहभाग हा शब्द आपल्याला आवडतो, मलाही आवडतो. सरकारची वाट बघत बसण्यापेक्षा चार शेजाऱ्यांनी मिळून छप्पर घातलेलं केव्हाही चांगलं. पण थांब्याशेजारी राहणारे वेगळे आणि थांब्यावर उभे राहणारे वेगळे. शेजाऱ्याकडे बहुधा स्वतःची गाडी असते. उभी असते ती धुणीभांडी करणारी बाई, विद्यार्थी, दवाखान्यात निघालेले आजोबा. सभेला यांतलं कुणी नसतं.

फौजेत रेकीला गेलं की आम्ही नकाशा पाहायचो, आणि त्या वाटेने रोज जाणाऱ्यालाही विचारायचो. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा हैदराबादला, कॉलनीचा थांबा सुधारायला निघालात तर एवढंच करा. वर्गणी काढण्याआधी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तिथे उभे राहा आणि बस पकडणाऱ्यांना विचारा: ऊन कुठून येतं, रात्री भीती वाटते का, बसायला किती जागा लागते? त्यांची उत्तरं लिहून घ्या आणि मगच गवंडी बोलवा.

जय हिंद.