बनावट मुद्रा आणि घेणाराचा दोष

बोरघाट चढून खंडाळें-लोणावळ्यावरून पुण्याकडे जाणारी वाट ही व्यापाराची पुरातन वाट होय. कार्ल्याच्या चैत्यगृहांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटाचे यवन, गंधी, सुतार अशा दात्यांचे लेख आहेत. त्यांवरून या वाटेनें किती प्रकारचे लोक येत असत हें दिसतें. जेथें माल जातो तेथें मालाची नक्कलहि जाते. हल्लीं प्रख्यात परदेशी कारखान्यांची नाममुद्रा उठविलेलीं खोटीं घड्याळें, पिशव्या व जोडे शहरोशहरीं मिळतात. ते जाणूनबुजून घेणारा म्हणतो, "मला कोणीं फसविलें नाहीं, मींहि कोणास फसविलें नाहीं, मग दोष कोणता?" जुनीं नाणीं व कागद जमविणाऱ्या आमच्या वाचकांपुढेंहि हाच प्रश्न वारंवार येतो. त्याचें उत्तर मावळच्या इतिहासांत सांपडतें असें आम्हांस वाटतें.

प्रथम कायदा पाहूं. १९९९ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्यान्वयें खोटें चिन्ह लावणारास व तसा माल विकणारास सामान्यतः ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व ५०,००० पासून २ लक्ष रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. स्वतःच्या उपयोगासाठीं घेणारास त्यांत शिक्षा नाहीं. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानें १०० वर्षांच्या वस्तू व ७५ वर्षांचीं महत्त्वाचीं हस्तलिखितें यांच्या व्यापारास परवाना लागतो. परंतु कालपरवां केलेली नक्कल त्या व्याख्येंतच बसत नाहीं. नाण्यांचेंहि तसेंच. कायद्याच्या दृष्टीनें चलनांतलें नाणें तेंच नाणें. शिवराई चलनांतून गेली, तेव्हां खोटी शिवराई पाडणारावर खोट्या नाण्याचा आरोप येत नाहीं, खरी म्हणून विकल्यास फसवणुकीचा येतो. सारांश, घेणारा बहुधा मोकळा सुटतो.

येथें एक भेद लक्षांत ठेविला पाहिजे. दुसऱ्याचें नांव उठविलें एवढ्यानेंच वस्तु बनावट होत नाहीं. मराठी रुपयांवर बहुधा दिल्लीच्या बादशहाचें नांव असे. 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' हीं अक्षरें असलेली तांब्याची शिवराई महाराजांच्या पश्चात् दीर्घकाळ पडत राहिली. पेशवाईंत टांकसाळी परवान्यानें सोनारांकडे असत. मावळच्या वेशीवरील चिंचवडासहि अशी टांकसाळ होती. तीं नाणीं खोटीं नव्हत, कारण त्यांमागें सरकारची अनुज्ञा व ठरीव वजन-कस होता. उलट दक्षिणेंतील जमीनदारांच्या खाजगी टांकसाळींतून हलकें नाणें निघूं लागलें, तेव्हां त्या बंद करण्याचे हुकूम सुटले. हलक्या नाण्याचा बट्टा तें पाडणारास बसत नसे. चांगलें नाणें बाळगणाऱ्या रयतेलाहि सराफ तोच संशय दाखवी. नकली मालाचें खरें नुकसान हें : खऱ्याची पत जाते.

आतां घेणाराविषयीं. मावळानें पाहिलेली सर्वांत मोठी नक्कल वस्तूची नव्हे, माणसाची होती. १७६१ त पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले; पुढें सुखनिधान नांवाच्या कनोजी ब्राह्मणानें त्यांचें नांव धारण केलें. चौकशी होऊन तो कैदेंत पडला. परंतु १७७६ त रत्नागिरीस रामचंद्र नाईक परांजपे यानें त्यास सोडून पुढें केलें, तेव्हां कोंकणांतील मुलूख भराभर त्याचे हातीं गेला आणि बोरघाटाशीं येऊन त्यानें राजमाची घेतली. कारभाऱ्यांच्या फौजेनें तेथें त्यास अकस्मात् गांठून खालीं पिटाळलें. रघूजी आंग्र्यानें धरून दिलें. त्याच सालीं पुण्यास त्यास देहान्त शासन झालें. त्याच्या मागें गेलेले सर्वच भोळे नव्हते. नांवाच्या आडून आपला लाभ साधावा म्हणून तोतया हा तोतयाच असल्याचें जाणूनहि कित्येकांनीं त्यास मानलें. एकटा तोतया राजमाचीपर्यंत आला नसता; मानणारांनीं त्यास आणलें. म्हणूनच सरकारानें साथ देणारांचीहि झाडाझडती घेऊन शिक्षा केल्या. हल्लींचा कायदा जेथें थांबतो त्याच्या पुढें तो न्याय गेला होता.

कागदांत ही गोष्ट अधिक घातक आहे. बारा मावळांतील वतनांचे तंटे महजर व सनदांवर तुटत. पुढें १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वयें इनाम कमिशन सनदा मागूं लागलें, तेव्हां खोटी सनद करण्याचा मोह किती वाढला असेल हें सांगणें नको. तो मोह आतां संग्राहकाच्या पैशानें होतो. कोणी एक बनावट पत्र गंमत म्हणून घेतो. त्याच्या पश्चात् दप्तर विकलें जातें. गंमतीची गोष्ट सांगणारा उरत नाहीं. पत्र छापलें जातें व एखाद्या घराण्याचा इतिहास होऊन बसतें. खोटें घड्याळ दोन वर्षांत मोडतें, खोटा कागद मोडत नाहीं. शिवाय बनावट जाणून कागद खरा म्हणून पुढें करणें हा २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० प्रमाणें अपराधच आहे.

तेव्हां आमची सूचना अशी. कागद घेण्यापूर्वीं तो कोणाच्या घरचा, कोणत्या हातांतून आला, हें लिहून घ्यावें. विक्रेता सांगत नसेल तर घेऊं नये. मायना, शिक्का व मोर्तब त्या काळच्या निःसंशय पत्रांशीं ताडून पाहावें. तिथि, वार व सुहूर सन यांचा मेळ घालावा. सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळवले असतां इसवी सन येतो. 'सबा सबैन मया व अलफ' म्हणजे ११७७, अर्थात् तोतयाचें १७७६-७७ हें साल. जुना कोरा कागद व जुन्या धाटणीची शाई मिळवितां येते. गणित मात्र बनावट करणारास पुष्कळदां दगा देतें. बनावट वस्तु आधींच संग्रहीं असल्यास तिच्यावर 'बनावट' असा स्पष्ट शेरा मारून ती अभ्यासासाठीं ठेवावी, फिरून बाजारांत सोडूं नये.

कायद्यानें घेणारास सोडलें याचा अर्थ त्यास निर्दोष ठरविलें असा नव्हे. गिऱ्हाईक आहे म्हणून कारागीर आहे. संग्राहकानें तरी त्या कारागिराचा गिऱ्हाईक होऊं नये.