बंड कोणी ठरवायचे?

नागरिकशास्त्र शिकवताना मी मुलांना सांगतो, कोणताही कायदा वाचताना दोन प्रश्न विचारावेत. तो कशाला मनाई करतो? आणि ती मनाई मोडली की नाही, हे ठरवणार कोण? दुसरा प्रश्न अनुत्तरित राहिला की काय होते, हे अमेरिकेच्या इतिहासात पाहावे.

तेथील मूळ घटनेने राष्ट्राध्यक्षपदासाठी तीन अटी घातल्या : जन्मतः नागरिकत्व, किमान ३५ वर्षे वय आणि देशात १४ वर्षांचे वास्तव्य. १८६५ साली यादवी युद्ध संपले आणि नवा पेच उभा राहिला. घटनेशी निष्ठेची शपथ घेऊनही गुलामगिरीसाठी संघराज्याविरुद्ध लढलेली मंडळी पुन्हा अधिकारपदांकडे वळली होती. म्हणून १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत तिसरे कलम आले : अशी शपथ घेऊन जो बंडात सामील झाला, त्याला पद नाही. ही बंदी उठवायची तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते हवीत.

देशद्रोहाची व्याख्या मूळ घटनेत आहे. बंडाची मात्र कोठेच नाही. चार वर्षांचे युद्ध डोळ्यांपुढे असताना ती कोणाला लागली नसावी. निवाडा कोणी करायचा, हेही कलमात नाही. काँग्रेसच्या कायद्याशिवाय ते लागू करता येत नाही, असे सरन्यायाधीश चेस यांनी १८६९ साली एका खटल्यात म्हटले. १८७२ च्या माफीने बहुतेकांवरील बंदी उठली. बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स १८७३ साली प्रतिनिधिगृहात परतले आणि १८७४ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध बोलले. त्यांना सडेतोड उत्तर दिले रॉबर्ट एलियट या कृष्णवर्णीय सभासदाने. त्या माफीची किंमत कोणाच्या पदरी पडली, हे सांगायला नकोच.

पुढे कलम जवळजवळ निद्रिस्तच राहिले. ६ जानेवारी २०२१ रोजी निवडणुकीची मतमोजणी चालू असताना जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला. सत्तांतर रोखण्यासाठी जमावाने संगनमताने, उघडपणे केलेला बळाचा वापर म्हणजे बंड, असा अर्थ लावून कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर २०२३ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांना अपात्र ठरवले. मते ४ विरुद्ध ३. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२४ रोजी तो निकाल एकमताने फिरवला. संघराज्याच्या पदांसाठी हे कलम राबवणे राज्यांच्या हाती नाही, असे त्याने म्हटले. ते बंड होते की नव्हते, याबद्दल मात्र मौन पाळले. ट्रम्प निवडून आले आणि २० जानेवारी २०२५ रोजी त्यांनी पुन्हा शपथ घेतली.

एकच उमेदवार एका राज्यात पात्र व शेजारच्या राज्यात अपात्र ठरला असता, ही न्यायालयाची अडचण मला पटते. पण म्हणून प्रश्न सुटला नाही. काँग्रेसने कायदा करावा म्हटले, तर तेथे बहुमत कोणाचे, यावर सारे अवलंबून. शब्द घटनेत आजही आहे. त्याचा अर्थ ठरवणारा मात्र अजून ठरलेला नाही. घटना लिहिणाऱ्यांइतकीच ती राबवणाऱ्यांचीही परीक्षा असते, ती अशी.