वाळूच्या कणाचं वय: शिवालिकच्या गाळाची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न वेळेअभावी राहिला होता: वाळूचं वय म्हणजे नेमकं कशाचं वय? आज तिथूनच सुरुवात करू.

दिल्लीहून डेहराडूनला जाताना तुमच्यापैकी काहींनी मोहंडचा घाट पाहिला असेल. तिथल्या कड्यांत नदीतले गोटे ठासून भरलेले आहेत. हिमालयातल्या नद्यांनी हा गाळ पायथ्याच्या खोलगट भागात टाकला आणि पुढे तो पायथाच दुमडून वर आला. हाच शिवालिक. १८३०च्या दशकात फाल्कनर आणि कालव्यांचे इंजिनिअर कॉटली यांनी शिवालिकमधून शिवाथेरियमसारख्या नष्ट प्राण्यांची हाडं जमवली. १८३७ साली दोघांना वोलास्टन पदक मिळालं. पण हाडांवरून थर आधीचा की नंतरचा एवढंच कळायचं. मागचा डोंगर किती वेगानं वर येत होता, हे त्यांतून कळणार नव्हतं.

ते झिरकॉनच्या कणांतून कळलं. (दागिन्यातला अमेरिकन डायमंड नव्हे, बरं का. तो वेगळा.) झिरकॉनमध्ये थोडं युरेनियम असतं. त्याचा एखादा अणू आपोआप फुटला की स्फटिकात सूक्ष्म ओरखडा पडतो. खडक तापलेला असेल तर ओरखडा बुजतो. साधारण २४० अंशांच्या खाली आला की टिकतो. म्हणजे ओरखडे मोजले की खडक वर येताना कधी थंड झाला, ते समजतं. त्यातून थराचं वय वजा करा: उरतो तो खोलीपासून खोऱ्यापर्यंतच्या प्रवासाचा काळ. १९८८ साली सर्व्हेनी आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या शिवालिक वालुकाश्मांत हे केलं. गेल्या १ कोटी ८० लाख वर्षांतल्या थरांमध्ये असे कण मिळाले, जे थरापेक्षा जेमतेम १० ते ५० लाख वर्षं जुने होते. हिमालयात कुठे ना कुठे जमीन सतत झपाट्यानं वर येत होती, असा त्याचा अर्थ.

आता खरी अडचण. समजा, एक कण १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी थंड झाला आणि २० लाख वर्षांत खोऱ्यात पोचला. पुढे तो थरच उचलला गेला, नदीनं कापला आणि तोच कण २० लाख वर्षांपूर्वी नव्या थरात बसला. आता फरक येतो १ कोटी वर्षांचा! आम्ही म्हणणार, डोंगर मंदावला. प्रत्यक्षात फक्त जुना गाळ पुन्हा फिरलाय.

ॲपटाइट या खनिजात उलटी गंमत होते. त्याचे ओरखडे सुमारे ११० अंशांनाच बुजतात आणि शिवालिकचे थर काही ठिकाणी कित्येक किलोमीटर जाड आहेत. तळाचा कण गाडला गेल्यावर पुन्हा तापतो, त्याचं घड्याळ पुसलं जातं. कण थरापेक्षा तरुण निघाला, तर समजायचं की तो खोल गाडला गेला होता. नेपाळात कर्णाली, सुराई खोला, तिनाऊ खोला इथल्या २००६ सालच्या अभ्यासात खालच्या थरांत हेच दिसलं. गाडलं जाणं असं स्वतःची खूण ठेवतं. पुन्हा फिरणं मात्र सहज पकडता येत नाही. झिरकॉनचं युरेनियम-शिसं घड्याळही इथे उपयोगी नाही. कण कितीदा गाडला, कितीदा वाहिला, तरी ते मूळ जन्मतारीखच दाखवतं. म्हणून एका नमुन्यातले खूप कण मोजायचे, त्यांतला सगळ्यात तरुण गट धरायचा आणि गोट्यांमध्ये शिवालिकच्याच वालुकाश्माचे तुकडे दिसतात का, ते हातोडा घेऊन पाहायचं.